सर हंफ्री डेव्ही आणि वायूचें बर्फ

समुद्राच्या तळाखालील खनिज वायु वर काढून पोलादी नळांनीं किनाऱ्यावर आणण्याचा उद्योग आज जगांत अनेक ठिकाणीं चालतो. या नळांत कधीं कधीं एक विलक्षण प्रकार घडतो. वायूबरोबर थोडेंसें पाणी आलेलें असतें. नळाबाहेर समुद्र गार असतो आणि आंत वायूचा दाब मोठा असतो. अशा वेळीं पाणी व वायु एकमेकांत गुंतून बर्फासारखा पांढरा, घट्ट पदार्थ बनतो, आणि मैलोगणती लांबीचा नळ बाटलीला बूच बसावें तसा बंद होऊन जातो. आश्चर्य हें कीं, पाणी गोठावें इतकी थंडी तेथें नसतांहि हें घडतें. या पदार्थाला शास्त्रांत वायूचें हायड्रेट म्हणतात. ज्या पुरुषानें तो प्रथम नीट ओळखला, त्याच्या हयातींत समुद्रांत असा एकहि नळ नव्हता. त्याचें नांव सर हंफ्री डेव्ही. खाणीच्या दिव्याचा कर्ता म्हणून हें नांव आमच्या विद्यार्थ्यांच्या कानांवरून गेलेलें असतें. पण तो दिवा, हें बर्फ आणि जहाजाच्या तळाचा एक फसलेला प्रयोग, अशीं त्याचीं तीन कामें आज त्याच एका नळापाशीं येऊन मिळालीं आहेत, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाला कॉर्नवॉल नांवाचा प्रांत आहे. तेथील पेन्झन्स गांवीं १७ डिसेंबर १७७८ रोजीं हंफ्रीचा जन्म झाला. बाप लाकडावर कोरीव काम करी. तो १७९४ सालीं डोक्यावर कर्ज ठेवून वारला, तेव्हां पांच भावंडांत हंफ्री सर्वांत वडील. दुसऱ्याच वर्षीं त्याला बोरलेज नांवाच्या एका वैद्याच्या हाताखालीं उमेदवार म्हणून ठेवण्यांत आलें. औषधें कुटतां कुटतां मुलाला पदार्थांचे गुणधर्म तपासण्याचा नाद लागला. लाव्हाझिए या फ्रेंच पंडिताचा रसायनशास्त्रावरील ग्रंथ हातीं पडल्यावर तर त्यास दुसरें कांहीं सुचेना. गुरु नाहीं, प्रयोगशाळा नाहीं. औषधांच्या बाटल्या व घरांतलीं भांडीं हींच त्याचीं उपकरणें. सुदैवानें गिल्बर्ट नांवाच्या एका विद्याप्रेमी गृहस्थाची त्याच्यावर नजर गेली. त्यानें आपल्या ग्रंथसंग्रहाचें दार या पोरासाठीं मोकळें केलें.

त्याच्याच शिफारशीनें डेव्ही १७९८ सालीं ब्रिस्टल येथें डॉक्टर बेडोज यांच्या वायुचिकित्सालयांत गेला. निरनिराळे वायु हुंगवून रोग बरे होतात कीं काय, हें तेथें पाहात असत. डेव्ही वायु तयार करी आणि प्रथम स्वतःच हुंगून पाही. एकदां कोळशापासून काढलेल्या विषारी वायूनें तो मरतां मरतां वांचला. नायट्रस ऑक्साइड नामक वायूनें मात्र त्यास मोठी मौज वाटली. माणूस हंसूं लागतो आणि दुखणें विसरतो, हें त्यानें पाहिलें. शस्त्रक्रियेच्या वेळीं वेदना टाळण्यास हा वायु उपयोगी पडेल अशी सूचना त्यानें १८०० सालच्या आपल्या ग्रंथांत करून ठेविली. ती तशीच पडून राहिली. होरेस वेल्स नांवाच्या अमेरिकन दंतवैद्यानें हा वायु वापरून दांत काढविला तें साल होतें १८४४. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत किती लोकांनीं शुद्धीवर असतांना हात-पाय कापून घेतले असतील, याचा विचार मनांत आला कीं अंगावर कांटा येतो.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें डेव्ही १८०१ सालीं व्याख्याता झाला आणि लवकरच त्याचीं व्याख्यानें ऐकण्यास शहरांतील प्रतिष्ठित स्त्रीपुरुषांची रीघ लागली. १८०७ च्या ऑक्टोबरांत त्यानें विजेचा प्रवाह वितळलेल्या क्षारांतून सोडून पोटॅशियम व सोडियम हे दोन धातु वेगळे काढले. पोटॅशियमचे तेजस्वी थेंब पाहून तो प्रयोगशाळेंत नाचूं लागला म्हणतात. पुढील वर्षीं कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे आणखी चार मिळाले. इंग्लंड व फ्रान्स यांचें युद्ध पेटलेलें असतांहि पॅरिसच्या विद्वत्सभेनें त्यास पारितोषिक दिलें. हा काळ त्याच्या कीर्तीचा खरा, परंतु आपल्या विषयाचा धागा सुरू होतो तो १८१० सालीं.

क्लोरीन नांवाचा पिवळसर हिरवा, घशाला झोंबणारा वायु शेले या स्वीडिश रसायनज्ञानें १७७४ सालींच काढला होता. परंतु तो मूलतत्त्व आहे हें कोणी मानीत नसे. त्यांत प्राणवायु दडलेला आहे, अशी सर्वांची समजूत होती. डेव्हीनें नाना उपाय केले, तापलेल्या कोळशावरून वायु नेला, तरी प्राणवायु कांहीं बाहेर येईना. तेव्हां हा वायु स्वतःच एक मूलतत्त्व आहे असें त्यानें जाहीर केलें, आणि त्याच्या रंगावरून ग्रीक भाषेंतील शब्द घेऊन त्याचें क्लोरीन हें नांव ठेविलें. याच तपासांत त्यानें आणखी एक गोष्ट पडताळून पाहिली. हा वायु थंडींत गोठून त्याचे स्फटिक होतात असें त्या वेळच्या पुस्तकांत छापलेलें असे, आणि थंडीच्या दिवसांत बाटलींत तसे स्फटिक दिसतहि. डेव्हीनें वायु आधीं पूर्ण कोरडा केला आणि मग शून्याखालीं चाळीस अंशांपर्यंत थंड केला. एकहि स्फटिक दिसला नाहीं. उलट, तोच वायु पाण्यांत मुरविला तर तें पाणी साध्या पाण्याहून लवकर, म्हणजे गोठणबिंदूच्या चार-साडेचार अंश वरच, घट्ट होई. म्हणजे लोक ज्याला गोठलेला वायु समजत होते तो वायु व पाणी यांच्या संयोगाचा पदार्थ होता. पाणी काढून टाका, कीं बर्फ नाहीं. एवढीशी ही गोष्ट. त्या निबंधांतहि तिला दोन-तीन वाक्यांपलीकडे जागा नाहीं. तथापि आजहि किनाऱ्याकडे वायु धाडण्यापूर्वीं तो शक्य तेथें कोरडा करून घेतात, त्याचें मूळ या दोन-तीन वाक्यांत आहे.

१८१२ सालीं डेव्हीस सर ही पदवी मिळाली, एका श्रीमंत विधवेशीं त्याचा विवाह झाला, आणि त्याच वर्षअखेर एका स्फोटक द्रव्यानें त्याच्या डोळ्याला इजा झाली. त्याचीं व्याख्यानें ऐकून तीं सुवाच्य लिहून, पुस्तकासारखीं बांधून त्याजकडे पाठविणारा एक तरुण बुकबाइंडर होता. त्याचें नांव मायकेल फॅरडे. त्याला डेव्हीनें मार्च १८१३ मध्यें प्रयोगशाळेंत मदतनीस नेमिलें. पुढें दोघे युरोपच्या प्रवासाला गेले. त्या प्रवासांत डेव्हीच्या पत्नीनें फॅरडेला चाकरासारखें वागविलें. पण प्रत्येक शहरांतील विद्वानांशीं डेव्हीबरोबर जें बोलणें होई, तें ऐकून हा लोहाराचा मुलगा शास्त्रज्ञ बनला.

या सुमारास उत्तर इंग्लंडांत एक भयंकर अपघात घडला होता. २५ मे १८१२ रोजीं फेलिंग येथील कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन ९२ माणसें मेलीं. त्यांत कोंवळे मुलगे पुष्कळ होते. कोळशाच्या भेगांतून एक ज्वालाग्राही वायु झिरपतो. मजुरांच्या उघड्या दिव्यानें तो पेटतो. ज्या धर्मोपदेशकावर या मृतांना मूठमाती देण्याचा प्रसंग आला, तो व त्याचे स्नेही स्वस्थ बसले नाहींत. त्यांनीं शास्त्रज्ञांकडे धांव घेतली. डेव्ही १८१५ सालीं प्रवासाहून परत येतांच खाणींच्या मुलखांत जाऊन आला व वायूचे नमुने घेऊन बसला. हा वायु म्हणजे मिथेन. अरुंद धातूच्या नळींतून त्याची ज्वाला पलीकडे जात नाहीं, कारण धातु तिची उष्णता शोषून घेतो, असें त्यास आढळलें. मग दिव्याच्या ज्योतीभोंवतीं तारेच्या बारीक जाळीचें कवच घातलें तर? एका चौरस इंचांत ७८४ छिद्रें असलेली जाळी त्यानें पसंत केली. वायु आंत शिरे, ज्योतीजवळ जळे, पण आग बाहेर येत नसे. जानेवारी १८१६ मध्यें हेबर्नच्या खाणींत दिव्याची परीक्षा झाली.

या दिव्याचें पेटंट घेतलें असतें तर डेव्हीस वर्षाला हजारों पौंड मिळाले असते. मित्रांनीं तसा आग्रहहि केला. त्यानें तो मानला नाहीं. दिवा कोणीहि करावा, कोणीहि वापरावा असें ठरविलें. खाणमालकांनीं कृतज्ञतेनें दिलेली चांदीचीं भांडीं पुढें मोडून त्यांतून रॉयल सोसायटीचें डेव्ही पदक सुरू झालें. जॉर्ज स्टीफन्सन यानेंहि त्याच वेळीं स्वतंत्रपणें एक दिवा केला होता. त्यावरून मोठा वाद माजला आणि त्यांत डेव्हीनें त्या गरीब यंत्रकाराविषयीं उदारपणा दाखविला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. पैशाचा लोभ त्यास नव्हता. श्रेयाचा मात्र होता. शिवाय दिवा आला म्हणून मालक मजुरांना पूर्वीं बंद ठेवलेल्या धोक्याच्या भागांतहि उतरवूं लागले, आणि जाळी फाटली कीं जुनें संकट पुन्हां उभें राही.

१८२० सालीं डेव्ही रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. मान वाढला तसा स्वभाव तिखट होत गेला. १८२३ च्या आरंभीं थंडी पडली असतां फॅरडेनें क्लोरीनचे ते जुने स्फटिक पुन्हां तयार करून त्यांचें पृथक्करण केलें. एक भाग क्लोरीनबरोबर दहा भाग पाणी असें प्रमाण त्यानें काढलें; आजच्या मोजणीप्रमाणें पाणी याहून कमी असतें, पण डेव्हीनें जी ओळख पटविली होती तिला प्रथमच आंकडा मिळाला. डेव्हीनें त्यास सुचविलें, कीं हे स्फटिक कांचेच्या बंद नळींत तापवून पाहा. फॅरडेनें तसें केलें. स्फटिक वितळून दोन थर झाले. वर पाणी आणि खालीं पिवळा, तेलासारखा द्रव. त्याच वेळीं डॉक्टर पॅरिस नांवाचा एक स्नेही तेथें आला आणि घाणेरड्या, तेलकट नळ्या वापरल्याबद्दल त्यानें फॅरडेची थट्टा केली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं फॅरडेनें त्यास चिठ्ठी धाडली, कीं तें तेल म्हणजे द्रवरूप क्लोरीन ठरलें. बंद नळींत वायु स्वतःच्याच दाबाखालीं सांपडून द्रव झाला होता. या प्रयोगांत नळ्या फुटून फॅरडेच्या डोळ्यांत कांचेचे कण गेले.

निबंध प्रसिद्ध होण्याची वेळ आली तेव्हां डेव्हीनें त्यास स्वतःचें टिपण जोडलें, कीं ही युक्ति सुचविली ती मीं आणि परिणामाचा तर्कहि मीं केला होता. त्याच वर्षीं फॅरडेचें नांव रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठीं पुढें आलें. अध्यक्षानें, म्हणजे त्याच्याच गुरूनें, तें मागें घ्यावयास सांगितलें. फॅरडे शांत राहिला, नांव मागें घेतलें नाहीं, आणि जानेवारी १८२४ मध्यें निवडून आला; विरुद्ध मत एकच पडलें. त्यानें पुढें आयुष्यभर डेव्हीचा उल्लेख आदरानेंच केला. आम्हांस वाटतें, कीं या प्रकरणीं गुरूची बाजू अगदींच पोकळ नव्हती, सूचना खरोखरच त्याची होती. पण ज्याला आपण हाताला धरून वर आणलें त्याच्या वाटेंत उभें राहणें हें मोठेपणाला शोभणारें नव्हतें.

१८२३ सालींच आरमाराच्या अधिकाऱ्यांनीं त्याच्यापुढें एक प्रश्न ठेविला. त्या काळीं लांकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारीत. खाऱ्या पाण्यानें तांबें झिजे व खर्च फार होई. डेव्हीनें विजेच्या ज्ञानाचा उपयोग करून तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे लहान तुकडे जोडले. हे तुकडे स्वतः झिजत आणि तांबें शाबूत राही. शास्त्रदृष्ट्या प्रयोग निर्दोष ठरला. परंतु थोड्याच काळांत जहाजें परत आलीं तीं तळाला शेवाळ व शिंपल्यांचे थर घेऊन, आणि त्यांची गति पार मंदावली. कारण सोपें होतें. तांबें झिजून पाण्यांत उतरे तेंच विष या जीवांना दूर ठेवीत होतें. झीज थांबली तशी विषाची पेरणीहि थांबली. तुकडे काढून टाकावे लागले, आणि वर्तमानपत्रांनीं अध्यक्षमहाशयांची भरपूर टवाळी केली. तांबें वांचलें आणि जहाज अडलें! आज मात्र समुद्रतळावरील पोलादी नळांना गंज चढूं नये म्हणून जस्ताचे वा ॲल्युमिनियमचे तुकडे जोडतात, तें याच तत्त्वानें. नळाला कोठें पोहावयाचें नसल्यामुळें शिंपल्यांचें भय तेथें आड येत नाहीं.

या अपयशानें डेव्ही खचला. १८२६ च्या अखेरीस त्यास पक्षाघाताचा झटका आला व पुढील वर्षीं त्यानें अध्यक्षपद सोडलें. मासे धरण्याचा त्याचा जुना छंद होता. दुखण्यांत त्यावरच एक पुस्तक लिहिलें. युरोपांत हवापालट करीत फिरत असतां २९ मे १८२९ रोजीं जिनीव्हा येथें तो मरण पावला. वय अवघें पन्नास. मूलबाळ नव्हतें. तेथेंच त्याचें दफन झालें.

त्याच्या स्फटिकांचें पुढें काय झालें? शंभर वर्षें तो विद्वानांच्या कुतूहलाचा विषय होऊन राहिला. अमेरिकेंत खनिज वायु दूरदूरच्या शहरांना नळांनीं जाऊं लागला आणि हिंवाळ्यांत नळ बंद पडूं लागले, तेव्हां सर्वांनीं दोष साध्या बर्फाला दिला. १९३४ सालीं हॅमरश्मिट या रसायनज्ञानें दाखवून दिलें, कीं हें बर्फ नव्हे, हायड्रेट आहे. पाण्याचे रेणु एकमेकांचे हात धरून पिंजरे बनवितात आणि प्रत्येक पिंजऱ्यांत वायूचा एक रेणु कोंडला जातो. डेव्हीनें खाणींत ज्याच्याशीं झुंज घेतली तोच मिथेन येथें कैदी असतो. हवेच्या चाळीसपट दाब असला, तर चार अंश उष्णतेवरहि, म्हणजे खोल समुद्राच्या नेहमींच्या थंडींत, हे पिंजरे टिकतात. एक घनफूट हायड्रेटांत सुमारें १६० घनफूट वायु मावतो. असें बूच एका बाजूचा दाब घाईनें उतरविल्यास बंदुकीच्या गोळीसारखें सुटून नळ फोडूं शकतें. २०१० सालीं मेक्सिकोच्या आखातांत तेलाच्या विहिरीचा स्फोट होऊन अकरा माणसें दगावलीं. सुमारें दीड हजार मीटर खोलीवर वाहणारें तेल अडविण्यास पोलादी घुमट उतरविला, तो याच हायड्रेटानें भरून गेला आणि बाजूला ठेवावा लागला. आमच्या देशाजवळहि हा पदार्थ आहे: त्र्यंबकेश्वरीं व महाबळेश्वरीं उगम पावणाऱ्या गोदावरी-कृष्णा ज्या समुद्राला मिळतात, त्याच्या तळाखालीं २००६ सालच्या खोदकामांत त्याचे जाड थर सांपडले.

नळ मोकळा ठेवण्याचा रूढ उपाय म्हणजे पाण्यांत मिथेनॉल किंवा ग्लायकॉल मिसळणें. आइस्क्रीमच्या पिंपांत मीठ टाकून बर्फाचा गोठणबिंदु जसा खालीं उतरवितात, तशीच ही युक्ति. पण मिथेनॉल विषारी आहे, आणि तें चिमूटभर घालून भागत नाहीं. पाण्याच्या वजनाचा चौथा हिस्सा, कधीं अर्ध्यापर्यंतहि घालावें लागतें. म्हणून १९९० नंतरच्या दशकांत दुसऱ्या जातीचीं रसायनें पुढें आलीं. यांच्या लांबलचक सांखळ्या वाढत्या पिंजऱ्यांना चिकटतात आणि त्यांची वाढ कांहीं काळ रोखून धरतात. तेवढ्या अवधींत वायु किनाऱ्याला पोंचतो. शेंकडा एक भागाहूनहि कमी पुरतें. परंतु यांतील पुष्कळ रसायनें समुद्रांतील सूक्ष्म जंतूंना पचत नाहींत, म्हणून तीं पाण्यांत तशींच साचून राहतात. ईशान्य अटलांटिकच्या कांठच्या देशांनीं अशा रसायनांची विषारीपणा, कुजण्याची क्षमता व प्राण्यांच्या शरीरांत साठण्याची प्रवृत्ति या तिन्ही बाबतींत परीक्षा सक्तीची केली आहे.

आतां शोध चालला आहे तो समुद्राला सोसेल अशा द्रव्यांचा. ध्रुवाकडील थंड समुद्रांतील कांहीं माशांच्या रक्तांत अशीं प्रथिनें असतात, कीं तीं बर्फाच्या कणांना चिकटून त्यांची वाढ थांबवितात. तींच हायड्रेटालाहि रोखतात असें प्रयोगांत दिसलें आहे. फळांच्या सालींतील पेक्टिन, कोळंबीच्या कवचापासून काढलेलें कायटोसान, निरनिराळीं ॲमिनो आम्लें, आणि ज्यापासून आपल्या उपासाचा साबुदाणा होतो तें टॅपिओकाचें पीठ, हीं सर्व तपासून झालीं आहेत. तीं समुद्रांत कुजून जातात ही त्यांची थोरवी. परंतु फार थंडी व फार दाब असेल तेथें त्यांचा टिकाव कमी लागतो, आणि प्रथिनें मोठ्या प्रमाणावर मिळविणें महाग पडतें. डेव्हीच्या तांब्याचीच अडचण येथें उलट्या बाजूनें आली आहे. तेथें विष थांबविलें आणि जीव येऊन चिकटले. येथें जीवांना इजा न करणारें द्रव्य घ्यावें तर बर्फ चिकटतें. म्हणून अनेक खोल समुद्रांतील विहिरींवर अजूनहि मिथेनॉलच्या टाक्या उभ्या आहेत, आणि प्रयोगशाळांतून पोलादाच्या भांड्यांत गार पाणी व मिथेन कोंडून, पहिला स्फटिक किती वेळानें दिसतो हें घड्याळ लावून पाहण्याचें काम चालू आहे.